गुलाबदाणीत काय असतं?

आमच्या स्टाफरूममधल्या एक मॅडम दर संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलावतात. मी कुंकू लावत नाही हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, म्हणून माझ्यापुरता त्यांनी एक वेगळा क्रम ठरवून टाकला आहे. आधी मनगटावर अत्तराचा फाया, मग अंगावर गुलाबपाणी, मग तिळगूळ आणि वाण. यंदाही तसंच झालं. गुलाबदाणी माझ्यावर हलवली गेली तेव्हा शेजारच्या एक वयस्कर काकू हसून म्हणाल्या, "हे मात्र तुमच्याकडचं हं! अत्तर-गुलाब म्हणजे मूळची मुसलमानी चीज." अगदी चांगल्या मनानं म्हणाल्या. मीही हसले.

त्याच आठवड्यात आमच्या नात्यात एक निकाह होता. दारात एक दहा-बारा वर्षांचा पोरगा पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत उभा होता. नात्यातल्याच एका तरुणानं त्याच्या हातून गुलाबदाणी काढून घेतली आणि बाजूला ठेवून दिली. "ये अपना नै. ये इधरवालों का रिवाज है." पोरगा बिचारा हिरमुसला. मी काही बोलले नाही. शिक्षिका असूनही काही ठिकाणी आपल्याला बोलायला सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा आपण रिक्षात बसलेलो असतो.

आठ दिवसांत एकाच गुलाबदाणीला एका घरानं "तुमची" म्हटलं आणि दुसऱ्यानं "त्यांची". घरी येऊन अम्मीला हे सांगितलं. तिला दोन्ही घरांशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं वेगळंच काढलं. म्हणाली, "मेरे वास्ते एक बोतल बना के रख. बाजार का नक्को."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि म्हणूनच हा लेख.

माझी नानी दर थंडीत घरी गुलाब काढायची. "गुलाब काढायची" म्हणजे फुलं तोडायची असं नाही. आमच्याकडे गुलाब म्हणजे गुलाबपाणीच. पुढे उर्दू शिकवायला लागल्यावर लक्षात आलं की नानीचा शब्दच मूळ अर्थाला धरून होता. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, म्हणजे 'गुलाब' हे नाव फुलाचं नाहीच, ते पाण्याचं आहे. हिंदुस्थानात आल्यावर ते पाण्यावरून फुलावर गेलं, आणि मग पाण्यासाठी आपल्याला 'गुलाबजल', 'गुलाबपाणी' असे शब्द बनवावे लागले. त्यांचा शब्दशः अर्थ फूल-पाणी-पाणी असा होतो. पण गंमत अशी की मराठीनं जुना अर्थ दोन ठिकाणी जपून ठेवला आहे. 'अत्तर-गुलाब' म्हणतो तेव्हा आपल्याला फूल अभिप्रेत नसतं. आणि गुलाबदाणीत गुलाबाचं फूल कुणी खोचत नाही. मी हे नववीच्या वर्गाला सांगते तेव्हा मुलींच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासाठी तरी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवावेत.

नानीच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी होती. त्यात हजहून आणलेलं, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कफनाचं कापड, कापराची पुडी आणि तिनं स्वतः काढलेल्या गुलाबाची एक बाटली असायची. मय्यतच्या गुसलला पाण्यात बोरीची पानं आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालावा, हे हदीसमध्ये आलेलं आहे. गुलाब ही त्यावर आमच्या घराची भर. मी बीएड करत होते त्या वर्षी भर उन्हाळ्यात नानी गेली. पेटी उघडली तर बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं, वर बुरशीची साय. त्याआधीच्या दोन थंड्या तिला आजारपणामुळे गुलाब काढता आला नव्हता. मामा धावत जाऊन किराणा दुकानातून एक बाटली घेऊन आला. तिला वास होता, पण तो गुलाबाचा नव्हता. नंतर तिच्यावरचं लेबल वाचलं तेव्हा त्यात फूल कुठंच नव्हतं, पाणी आणि सुगंधी द्रव्य एवढंच होतं. अम्मीनं ती गोष्ट आजवर मनातून काढलेली नाही. आता अम्मीची स्वतःची पेटी आहे.

तेव्हा साहित्य जमवायला घेतलं. आणि एकेक वस्तू आणायला जावं तर तिच्या मागे एकेक शतक उभं, असं व्हायला लागलं.

पहिली वस्तू म्हणजे भांडं. नानीचा तांब्याचा हंडा होता, आतून कल्हई केलेला, त्यावर बसणारं खोलगट झाकण आणि झाकणाला एका बाजूला भोक. नानी गेल्यावर मामांच्या घराची दुरुस्ती निघाली तेव्हा हंडा भंगारात वजनावर गेला. नवीन हंडा मिळाला, पण तशा भोकाचं झाकण कुणी करून देईना. दुकानदारानं विचारलं, "ताई, नक्की काय काढणार आहात?" सोलापुरात अशा भांड्याची चौकशी केली की समोरच्याच्या मनात आधी हातभट्टी येते. मी शिक्षिका असल्याचं दोनदा सांगितलं.

त्याची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. यंत्र तेच आहे. उर्दूच्या जुन्या हिकमतीच्या पुस्तकांत त्याला 'करा-अंबीक' म्हणतात. 'करा' म्हणजे भोपळा, खालचं गोल भांडं. 'अंबीक' म्हणजे वरचं टोपण, आणि हा शब्द अरबांनी ग्रीकांकडून घेतला. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं अत्तरं आणि ऊर्ध्वपातन यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात शंभरावर कृती आहेत, आणि हा अल-किंदी तत्त्वज्ञ होता, गणिती होता. इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी कित्येक वर्षं वर्गात ठासून सांगत आले की गुलाबपाण्याचा शोध इब्न सिनानं लावला. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर तर हे दर आठवड्याला फिरतं. पण इब्न सिनाचा जन्म ९८० चा. अल-किंदी त्याच्या शंभर वर्षं आधी वारला. अब्बासी खलिफांच्या काळात फार्स प्रांतातून खजिन्यात दरवर्षी जे यायचं त्याची जी यादी इब्न खल्दूननं दिली आहे, तिच्यात गुलाबपाण्याच्या ३०,००० बाटल्या आहेत. ज्या वस्तूवर इतका कर लागू होता तिचा शोध पुढे कुणीतरी नव्यानं लावला असं म्हणण्यात अर्थ नाही. इब्न सिना थोर होताच, त्याला उसन्या शोधाची गरज नाही.

आणि अल-किंदीपाशीही गोष्ट सुरू होत नाही. पेशावरच्या खोऱ्यात, चारसद्द्याजवळ शेखान ढेरी नावाच्या जागी उत्खननात मातीची भांडी सापडली. साधारण २००० वर्षांपूर्वीची. रेमंड ऑलचिन या पुरातत्त्वज्ञानं ती ऊर्ध्वपातनाची आहेत असं मांडलं. त्याच्यावर वाद आहेत, आणि तिथं निघत असेल ती बहुधा दारू, गुलाब नव्हे. तरी भांडं उकळायचं, वाफ नळीतून काढायची आणि गार भांड्यात धरायची, ही युक्ती या मातीला अनोळखी नव्हती असं दिसतं.

शेवटी एका वेल्डिंगवाल्या चाचांनी झाकणाला भोक पाडून दिलं. कल्हईवाला मिळायला मात्र तीन आठवडे लागले.

दुसरी वस्तू नळी. नानीची नळी वेळूची होती, आतल्या गाठी तापलेल्या सळईनं फोडलेल्या आणि वरून सुतळी घट्ट गुंडाळलेली. लहानपणी मला वाटायचं की तांब्याची नळी परवडत नाही म्हणून ही. मग कन्नौजच्या कारखान्यांविषयी वाचलं. उत्तर प्रदेशातल्या या गावात आजही अत्तर देग-भपक्यावर निघतं. देग म्हणजे तांब्याचं मोठं पातेलं, तिच्यावर सरपोश. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, ज्यात वाफ गार होऊन उतरते. भपका ज्या पाण्याच्या टाकीत बुडवलेला असतो तिला ते गच्ची म्हणतात. हे मी घरी मोठ्यानं वाचलं तर धाकटी म्हणाली, "भपका गच्चीत ठेवायचा? वरती?" आणि देग नि भपका यांना जोडणारी नळी म्हणजे चोंगा. चोंगा वेळूचाच असतो, सुतळी गुंडाळलेलाच असतो. लाखोंचा माल काढणाऱ्या कारखान्यातही. वेळू तापत नाही, वाकवता येतो, तडकला तर दुसरा मिळतो. नानी गरीब होती हे खरं, पण नळीच्या बाबतीत ती कन्नौजच्याच बरोबरीनं होती.

तिसरी वस्तू सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त छळणारी. झाकणाच्या कडेनं आणि नळीच्या सांध्यांतून वाफ निसटू नये म्हणून लिंपण लागतं. यूट्यूबवरच्या सगळ्या बाया कणीक लावतात. मीही कणीक लावली. पाऊण तासात ती पापडासारखी वाळली, तडकली, आणि सगळ्या स्वयंपाकघराला गुलाबाचा वास सुटला. वास छान होता, पण तो बाटलीत यायला हवा होता. अम्मी दारात उभी राहून म्हणाली, "अम्मा मिट्टी में कपास मिलाती थी." मग आधीच का नाही सांगितलं? "तू पूछी कब?"

मातीत कपूस. हे वाक्य मी नंतर दुसऱ्या एका ठिकाणी वाचलं. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत खुशबूखान्यावर एक प्रकरण आहे. अकबराच्या वाड्यात कोणती सुगंधी द्रव्यं होती, कोणत्या फुलांचे अर्क होते, त्यांचे भाव काय, हे सगळं त्यात आहे. तिथं अगरूच्या लाकडाचं तेल, ज्याला चुवा म्हणत, ते काढायची कृती दिली आहे. लाकडाचे तुकडे आठवडाभर भिजवून निमुळत्या मानेच्या कुपीत भरायचे, कुपी उलटी ठेवायची, गोवऱ्यांची मंद आच द्यायची, तेल खालच्या पाण्यात ठिबकतं. त्या कुपीला बाहेरून जो लेप द्यायचा त्याचं नाव 'गिल-ए-हिकमत', म्हणजे हकिमांची माती. ती कशाची? माती, कापूस आणि तांदळाचा कोंडा. कन्नौजला आजही सांधे लिंपतात ते मुलतानी माती आणि कापसानंच. कापसाचे धागे मातीला धरून ठेवतात, ती वाळली तरी तडकत नाही. नानीनं आईन-ए-अकबरीचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिला लिहिता येत होतं ते सहीपुरतं. मग हे अकबराच्या वाड्यातून तिच्यापर्यंत आलं, की तिच्यासारख्या बायांकडून वाड्यात गेलं? माझा कल दुसरीकडे आहे. अबुल फजल लिहून ठेवणारा होता, लिंपणारा कुणी दुसराच असणार.

आता फुलं. इथं सगळ्यात जास्त फसगत होते. बाजारातला लांब दांड्याचा, टपोरा, प्लॅस्टिकच्या टोपीतला गुलाब या कामाचा नाही. त्याला रंग आहे, वास नाही, आणि औषधाची फवारणी आहे. लागतो तो गावठी गुलाब. लहान, गुलाबी, पाकळ्या लगेच गळणारा, हाताला वास लागून राहणारा. विजापूर वेशीत दर्ग्यासाठी चादरी ओवणाऱ्या एक मावशी मला तो पहाटे आणून द्यायला तयार झाल्या. सिद्धेश्वराच्या देवळाकडे हारही त्याच पाटीतून जातात. त्यांनी एकच अट घातली. फूल उन्हाच्या आधी घ्यायला यायचं. ऊन चढलं की वास उडतो, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

किती फुलं? मी चार किलो पाकळ्या घेतल्या आणि मला वाटलं की पुष्कळ झाल्या. हिशेब मांडल्यावर डोळे उघडले. अत्तराच्या गुलाबाच्या तीन-साडेतीन हजार किलो फुलांतून जेमतेम एक किलो शुद्ध तेल निघतं. म्हणजे माझ्या चार किलोंत तेल सुमारे एक ग्रॅम, तेही सराईत हातानं आणि उत्तम फुलांतून. माझ्या हातानं आणि गावठी फुलांतून त्याहून कमी. आणि तेही बरंचसं पाण्यातच विरघळून राहणार. म्हणून घरी 'गुलाबाचं अत्तर' कधीच निघत नाही. घरी निघतं ते गुलाबपाणी.

या हिशेबावरून मला जहांगीरच्या काळातली एक गोष्ट नव्यानं कळली. आपण ऐकलेली कथा अशी की नूरजहान गुलाबपाण्याच्या हौदात आंघोळीला उतरली आणि तिला पाण्यावर तेल तरंगताना दिसलं. शाळेतल्या नाटुकल्यांतही ही कथा येते. स्वतः जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे ते वेगळंच आहे. त्यात हौद नाही, आंघोळ नाही आणि नूरजहानही नाही. शोध लावला तिच्या आईनं, अस्मत बेगमनं. ती गुलाबपाणी काढत होती. सुरईतून गरम गुलाबपाणी ताटल्यांत ओतल्यावर वर एक तवंग धरायचा. तो तिनं थोडा थोडा करून जमवला. त्याचा एक थेंब तळहाताला चोळला तर सगळी मजलिस दरवळते, असं जहांगीर कौतुकानं सांगतो. त्यानं तिला मोत्यांचा सर बक्षीस दिला. आणि त्या तेलाला 'इत्र-ए-जहांगीरी' हे नाव दिलं सलीमा सुलतान बेगमनं, जी बाबराची नात, आधी बैरामखानाची आणि मग अकबराची बेगम, आणि स्वतः शायरा होती. ती १६१२-१३ च्या हिवाळ्यात वारली, म्हणजे शोध त्याच्या आधीचा, जहांगीरच्या पहिल्या सात-आठ वर्षांतला.

हा जगातला पहिलाच शोध होता का, यावर मतभेद आहेत, ते असोत. मला त्यातलं काम दिसतं. गरम पाणी पसरट ताटलीत ओतलं, ते गार झालं. गुलाबाच्या तेलातला मेणासारखा भाग गारव्यानं गोठतो, म्हणून तवंग दिसला. सुरईतच राहिलं असतं तर दिसला नसता. आणि तवंग दिसायला फुलं गाडाभर लागतात. माझ्या नानीच्या हंड्यात तो कधी दिसणार नव्हता, ती कितीही हुशार असती तरी. पण निरखणारी बाई नसती तर शाही गाडाभर फुलांतूनही तो ओतून दिला गेला असता, इतकी वर्षं कदाचित दिलाही गेला असेल. मग कथेतून आई गेली आणि मुलगी आली, काम गेलं आणि आंघोळ आली. सांगणाऱ्यांना रांधणाऱ्या बाईपेक्षा नहाणारी राणी जास्त आवडते, दुसरं काय. अस्मत बेगमची कबर आग्र्याला नवऱ्याशेजारी आहे. ती इमारत इतमाद-उद-दौलाचा मकबरा म्हणूनच ओळखली जाते.

आता माझ्या गावाजवळ येते. विजापूर वेस हे नाव मी लहानपणापासून उच्चारते आहे, पण त्या वेशीतून निघालेला रस्ता ज्या विजापूरला जातो तिथं अत्तराचा एक ग्रंथ लिहिला गेला हे मला चाळिशीत कळलं. इब्राहिम आदिलशाह दुसरा १५८० ला लहान वयात गादीवर बसला, तेव्हा कारभार काही काळ चांदबीबीनं पाहिला. हीच चांदबीबी अहमदनगरहून विजापूरला लग्न होऊन गेली तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत आंदण म्हणून गेला होता. इब्राहिमला 'नवरस' या शब्दाचा नाद होता. त्यानं दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिली, शहर वसवलं त्याचं नाव नौरसपूर. आणि त्याच्या दरबारासाठी निजामुद्दीन महमूद यानं फारसीत 'इत्र-ए-नौरसशाही' लिहिलं, सुगंधी द्रव्यं कशी करावी आणि कशी वापरावी याचं पुस्तक. संस्कृत रसशास्त्रातल्या 'नवरस'चं नाव घेतलेलं, फारसीत लिहिलेलं, दख्खनच्या फुलांच्या मुलखात.

दुसऱ्या बाजूनं पाहावं तर तिथंही एकाच घरचं काही सापडत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' नावाचं प्रकरण आहे. त्यात सोळा द्रव्यांची उलटसुलट मिश्रणं करून १,७४,७२० गंध होतात असा हिशेब मांडला आहे. आमच्या गणिताच्या सरांना तो सांगितला तर ते पूर्ण तासभर फळ्यावर आकडेमोड करत बसले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास'मध्ये राजाच्या गंधभोगावर लिहिलं. आणि माझ्या सर्वात जवळची गोष्ट पुण्याची आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि कर्त्याचं नाव नसलेला 'गंधवाद' असे दोन ग्रंथ उजेडात आणले. त्यातल्या गंधवादावर टीका आहे ती जुन्या मराठीत. म्हणजे कुणीतरी मराठी माणूस सुगंध करायला बसला होता, त्याला संस्कृत पुरेना, म्हणून त्यानं आपल्या बोलीत समजावून घेतलं. या जुन्या ग्रंथांचा भर मिश्रण, धूप आणि तेलात मुरवणं यांवर आहे. वाफेवर काढलेला गुलाब नंतर आला, फारसी नाव घेऊन आला, आणि आल्यावर या मांडीवर असा बसला की पेशव्यांच्या दरबारातही अत्तर-गुलाब आणि विडा आला की बैठक संपली असं समजत.

हळदीकुंकवातल्या त्या काकूंचं म्हणणं म्हणूनच अर्धं बरोबर होतं. आमच्या तरुण नातेवाइकाचं मात्र तेवढंही नव्हतं. मक्केत काबागृह धुतात त्या पाण्यात जमजमबरोबर गुलाबपाणीही असतं. सलाहुद्दीननं ११८७ मध्ये जेरुसलेम घेतल्यावर तिथली पवित्र जागा गुलाबपाण्यानं धुतल्याचं त्या काळच्या लेखकांनी लिहिलं आहे. रिवाज फर्ज नाही हे मला मान्य आहे, गुलाब न शिंपडल्यानं कुणाचा निकाह अडत नाही. पण "अपना नै" म्हणायला थोडं वाचावं लागतं. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो "जी खाला, जी खाला" करत राहिला. पोराच्या हातात गुलाबदाणी परत दे, हे मात्र मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

मोगऱ्याचं राहिलं. मोगरा, जाई, चमेली ही फुलं हंड्यात उकळून चालत नाहीत, उष्णतेनं त्यांचा वास बिघडतो. त्यासाठी नानी पांढऱ्या तिळांचा थर, त्यावर फुलांचा थर, पुन्हा तीळ असं पंचात बांधून ठेवायची, रोज शिळी फुलं काढून ताजी घालायची, आणि आठ-दहा दिवसांनी ते तीळ घाण्यावर जायचे. जौनपूर-गाजीपूरकडची चमेलीची तेलं याच रीतीनं व्हायची. हे करायला भांडं, नळी, माती काहीच लागत नाही, फक्त सबुरी लागते. उन्हाळ्यात करीन.

प्रत्यक्ष गुलाब काढायचा दिवस रविवार ठरला, आणि खरी अडचण शेवटी आली ती पाण्याची. हंड्यात पाणी थोडंच लागतं. पण ज्या टबात खालची घागर बुडवायची ते पाणी तापलं की बदलावं लागतं, पुन्हा पुन्हा. नाहीतर वाफ गार होत नाही आणि नळीतून नुसता धूर येतो. कन्नौजला गंगेचं खोरं आहे. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. मी तिसरी बादली उचलली तेव्हा अम्मी म्हणाली, "फूल नहाएंगे, घरवाले नक्को नहाना?" मग तापलेलं पाणी बादलीत काढून कपड्यांना, भांड्यांना वापरलं. त्या दिवशी आमच्याकडे धुणं फार स्वच्छ निघालं.

आच मंद. या वेळी कापसाची माती. धाकटीनं घागरीवर हात ठेवून बघायचं, फार कढत लागली तर मला हाक मारायची. कन्नौजचे कारागीरही भपक्यावर हात ठेवूनच अंदाज घेतात, आणि तिथं चंदनाच्या तेलात गुलाबाची वाफ मुरवून पाणी पुन्हा देगेत ओततात, असं दिवसेंदिवस चालतं. आता चंदन इतकं महाग झालंय की पुष्कळ ठिकाणी त्याच्याऐवजी खनिज तेलं वापरतात. आम्हाला चंदन नको होतं. तीन तासांनी आग बंद केली. घागरीत दोन बाटल्या भरतील इतकं पाणी होतं. वर तवंग नव्हता. मी बराच वेळ तिरकं धरून पाहिलं.

ताजं असताना त्याला किंचित शिजलेल्या पाल्याचा वास येतो, हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझा चेहरा पडला. अम्मीनं बाटलीचं तोंड कपड्यानं बांधून ती माळ्यावर अंधारात ठेवायला लावली. आठ दिवसांनी उघडली तेव्हा तो वास गेला होता आणि खोलीत नानी आल्यासारखं झालं. अम्मीनं तळहातावर थोडं घेतलं, चेहऱ्यावरून फिरवलं आणि दरूद पढली.

एक बाटली तिनं पेटीत ठेवली. दुसरी फ्रीजमध्ये, रमजानच्या शरबताला. मी म्हटलं, आता झालं ना तुझ्या मनासारखं. ती पेटीचं कुलूप लावत म्हणाली, "साल भर से ज्यादा नै टिकता ये. अगली थंडी में फिर निकाल."

मावशींना मी पुढच्या जानेवारीसाठी फुलं सांगून ठेवली आहेत. सहा किलो.